दोन चुकांनी झाकलेली एक ओळ: ड्रेस्डेनमधल्या एका पगारपत्रकाचं प्रकरण

रक्कम किरकोळ होती: महिन्याला १९ युरो २९ सेंट. पण ती ज्या ओळीत अडकली होती, ती ओळ तीन महिने सगळ्यांनी पाहिली आणि सगळ्यांना बरोबर वाटली. कर्मचाऱ्याला, मनुष्यबळ विभागाला, पगाराचं काम करणाऱ्या बाहेरच्या लोनब्यूरोलाही. जर्मनीतल्या सामाजिक सुरक्षेच्या कपाती कशा चालतात हे समजून घ्यायला यासारखं दुसरं प्रकरण नाही, म्हणून ते पूर्ण मांडतो आहोत. माणूस आणि कंपनी नमुन्याची आहेत. दर, मर्यादा आणि नियम २०२५ चे खरे आहेत.

प्रकरणातला माणूस

नाशिकचा ३३ वर्षांचा अभियंता. १ ऑगस्ट २०२५ पासून सॅक्सनी राज्यातल्या ड्रेस्डेनमध्ये नोकरी. भारतातल्या कंपनीने पाठवलेला नाही, थेट जर्मन कंपनीच्या करारावर. कंपनीचं मुख्यालय बव्हेरिया राज्यातल्या म्युनिकला, ड्रेस्डेनची शाखा नवी. पगार महिन्याला ५,८०० युरो, शिवाय नोव्हेंबरमध्ये करारानेच ठरलेला ३,००० युरोंचा नाताळ बोनस. बायको आणि दोन मुलं (वय ६ आणि २) अजून नाशिकलाच. करारावर सही करून पाठवताना त्याने दोन्ही मुलांचे जन्मदाखले सोबत जोडले होते. महापालिकेचे दाखले मराठी-इंग्रजी दोन्हींत असतात, त्यामुळे भाषांतराचाही प्रश्न आला नाही. ही बारीकसारीक गोष्ट पुढे कामाला आली.

आधी पाया, मग टक्के

जर्मन पगारपत्रकावर सामाजिक सुरक्षेच्या चार कपाती दिसतात: आरोग्य विमा (केव्ही), पेन्शन (आरव्ही), बेरोजगारी विमा (एव्ही) आणि शुश्रूषा विमा (पीव्ही). शेवटचा म्हणजे म्हातारपणी किंवा अपंगत्वात दुसऱ्याच्या हातची देखभाल लागली तर तिच्या खर्चासाठीचा. पाचवा, कामावरच्या अपघाताचा विमाही आहे. पण त्याचा सगळा पैसा कंपनी बेरूफ्सगेनोसेनशाफ्ट नावाच्या व्यवसायनिहाय संस्थेला भरते, म्हणून पत्रकावर तो कधी दिसत नाही.

दर सगळ्यांनाच पाठ असतात. पेन्शन १८.६ टक्के, बेरोजगारी २.६, आरोग्य १४.६ अधिक प्रत्येक विमा संस्थेचा स्वतःचा जादा दर, शुश्रूषा ३.६. हे सगळं कर्मचारी आणि कंपनी यांच्यात निम्मं-निम्मं, शुश्रूषेचे अपवाद सोडून. घोटाळा टक्क्यांत कमी होतो, टक्के कशावर लावले यात जास्त होतो.

कारण इथे दोन वेगवेगळ्या मर्यादा आहेत, आणि नवखा माणूस त्या हमखास एक समजतो. पहिली, वर्गणी मोजण्याची कमाल मर्यादा. जर्मनमध्ये तिचं नाव बाइट्राग्सबेमेसुंग्सग्रेन्से. उच्चार जमला नाही तरी चालेल, पण पत्रकावर बीबीजी दिसलं की हीच. २०२५ मध्ये ती आरोग्य आणि शुश्रूषेसाठी महिन्याला ५,५१२.५० युरो, पेन्शन आणि बेरोजगारीसाठी ८,०५० युरो. मर्यादेवरच्या पगाराला वर्गणी नाही. आपल्याकडे पेन्शन योजनेचे ८.३३ टक्के १५,००० रुपयांपर्यंतच मोजतात, अगदी त्याच धर्तीचं.

दुसरी मर्यादा वेगळीच आहे: २०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरो. नियमित वार्षिक पगार याच्या वर असेल तर सरकारी पद्धतीच्या आरोग्य विम्याची सक्ती सुटते, माणूस खासगी विमा घेऊ शकतो. पगार २१,००० रुपयांच्या वर गेला की ईएसआयमधून बाहेर पडतो, त्याच जातीची ही रेषा. या अभियंत्याचे १२ महिन्यांचे ६९,६०० होतात. पण करारात ठरलेला बोनस इथे धरावाच लागतो, म्हणजे ७२,६००. रेषेपासून फक्त १,२०० युरो खाली. सक्ती लागू. बोनस ४,५०० असता तर माणूस रेषेच्या पलीकडे गेला असता आणि त्याची सगळी नोंद वेगळ्या गटात करावी लागली असती. कंपनीच्या मर्जीवर किंवा नफ्यावर अवलंबून असलेला बोनस मात्र या हिशेबात धरत नाहीत. कराराचं वाक्य नीट वाचायचं ते यासाठी.

नोंदणी

कर्मचाऱ्याने विमा संस्था, म्हणजे क्रांकेनकासे, निवडायची आणि कंपनीला दोन आठवड्यांत कळवायची. टीके, बार्मर, डीएके, किंवा सॅक्सनी-थुरिंगियातली एओके प्लस, अशा अनेक आहेत; मूळ सेवा कायद्याने बऱ्याच अंशी सारख्या, जादा दर वेगवेगळा. निवड केलीच नाही तर कंपनी स्वतः एक निवडून मोकळी होते. या प्रकरणातल्या संस्थेचा जादा दर २.५ टक्के धरला आहे. २०२५ साठी सरकारने जाहीर केलेली सरासरीही तेवढीच होती.

चारही विम्यांचे पैसे कंपनी याच एका संस्थेकडे भरते आणि ती ते पुढे वाटते. पैसे महिन्याच्या शेवटून तिसऱ्या बँक-दिवसापर्यंत पोचायला हवेत. ऑगस्ट २०२५ साठी तो दिवस २७ तारीख, बुधवार. रकमांचं विवरण त्याच्याही दोन दिवस आधी. म्हणजे महिना संपण्याआधीच त्या महिन्याची वर्गणी भरायची असते. उशीर झाला तर सुरू झालेल्या प्रत्येक महिन्याला १ टक्का दंड. कर्मचाऱ्याच्या वाट्याचे पैसे भरलेच नाहीत तर तो फौजदारी गुन्हा आहे, त्यामुळे या बाबतीत कंपन्या सहसा चालढकल करत नाहीत.

विवरणात मात्र माणसागणिक तपशील नसतो, फक्त एकूण रकमा. कोणाला किती मुलं, कोणाचा दर किती, हे विमा संस्थेला त्यातून दिसत नाही. चूक पकडण्याची सरकारी जागा म्हणजे पेन्शन विमा संस्थेची तपासणी, आणि ती कंपनीकडे येते किमान चार वर्षांतून एकदा. ही गोष्ट लक्षात ठेवा.

ऑगस्टचं पत्रक

लोनब्यूरोने दिलेल्या पहिल्या पत्रकावर कर्मचाऱ्याच्या वाट्याच्या ओळी अशा होत्या:

केव्ही: ५,५१२.५० वर ८.५५ टक्के, ४७१.३२ युरो
आरव्ही: ५,८०० वर ९.३ टक्के, ५३९.४० युरो
एव्ही: ५,८०० वर १.३ टक्के, ७५.४० युरो
पीव्ही: ५,५१२.५०, १३२.३० युरो

एकूण १,२१८.४२. पहिल्या तीन ओळी चोख आहेत. केव्हीचे ८.५५ म्हणजे १४.६ चे निम्मे ७.३ आणि जादा दराचे निम्मे १.२५. चौथ्या ओळीत टक्का छापलेलाच नव्हता, आणि अनेक पत्रकांवर तो नसतोच.

सॅक्सनीचा बुधवार

शुश्रूषा विमा जर्मनीत १ जानेवारी १९९५ ला आला. कंपन्यांवर निम्म्या वर्गणीचा नवा बोजा पडणार, मग त्यांना भरपाई म्हणून एक सुट्टी रद्द करायची असं ठरलं. बळी गेला बूस-उंड-बेटटागचा, प्रॉटेस्टंट परंपरेतल्या पश्चात्ताप आणि प्रार्थनेच्या बुधवारचा. सगळ्या राज्यांनी तो सोडला. सॅक्सनीने सोडला नाही. सुट्टी ठेवली तर वर्गणी कर्मचाऱ्यांनी भरावी, असा सरळ व्यवहार झाला. सुरुवातीचा १ टक्का दर तिथल्या कर्मचाऱ्यांनी पूर्ण स्वतः भरला. दर वाढत गेले तरी तो जुना हिशेब आजही जिवंत आहे: कर्मचाऱ्याकडून अर्धा टक्का जास्त, कंपनीकडून अर्धा टक्का कमी.

म्हणून ३.६ टक्क्यांची वाटणी इतर १५ राज्यांत १.८ आणि १.८ होते, सॅक्सनीत कर्मचाऱ्याचे २.३ आणि कंपनीचे १.३. कर्मचारी राहतो कुठे किंवा कंपनीचं मुख्यालय कुठे, याचा संबंध नाही. कामाची जागा सॅक्सनीत आहे का, एवढंच पाहायचं. २०२५ मध्ये तो बुधवार १९ नोव्हेंबरला आला. ड्रेस्डेनच्या शाखेला सुट्टी होती, म्युनिकच्या मुख्यालयाला नव्हती.

मुलांचा हिशेब

आता दुसरा थर. २३ वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूल नसलेल्या कर्मचाऱ्याला ०.६ टक्के जादा द्यावे लागतात, आणि हे जादा फक्त त्याच्याच खिशातून जातात, कंपनीच्या नाही. एक मूल झालं की हे ०.६ कायमचे सुटतात, मूल पुढे कितीही मोठं झालं तरी. जुलै २०२३ पासून आणखी एक सवलत आहे: दुसऱ्यापासून पाचव्या मुलापर्यंत, प्रत्येक मुलामागे ०.२५ टक्के कमी, पण मूल २५ वर्षांचं होईपर्यंतच.

यात गफलत कुठे होते ते पाहा. दोन मुलांना ०.५० सवलत नाही. पहिल्या मुलाने ०.६ चा जादा भार जातो, दुसऱ्याने ०.२५ सवलत येते. दोन मुलांची सवलत एकच ०.२५.

मुलं कुठे राहतात याने फरक पडत नाही. नाशिकची मुलंही मोजली जातात. फक्त ती आहेत हे कंपनीला कळलं पाहिजे. जुलै २०२५ पासून मुलांची माहिती केंद्रीय कर कार्यालयाकडून कंपनीला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मिळते, पण जर्मनीत ज्यांची नोंदच नाही अशी मुलं त्या उत्तरात येत नाहीत. तिथे कागदच द्यावा लागतो, आणि वेळेत. जन्मानंतर तीन महिन्यांत पुरावा दिला तर सवलत जन्माच्या महिन्यापासून. नाहीतर पुरावा दिल्याच्या पुढच्या महिन्यापासून. या अभियंत्याने दाखले नोकरी सुरू होण्याआधीच दिले होते, त्यामुळे १ ऑगस्टपासून हक्क पक्का होता.

दोन मुलं, कामाची जागा सॅक्सनी: २.३ वजा ०.२५, म्हणजे २.०५ टक्के. ५,५१२.५० वर ११३.०१ युरो. पत्रकावर होते १३२.३०.

चूक दिसली नाही ती का

ऑक्टोबरच्या शेवटी ड्रेस्डेनमधल्याच दुसऱ्या कंपनीतल्या मित्राचं पत्रक त्याने शेजारी ठेवून पाहिलं. मित्र अविवाहित, ३० वर्षांचा, पगार याच्यापेक्षा थोडा जास्त. दोघांचाही पगार ५,५१२.५० च्या वर, म्हणजे शुश्रूषा विम्याचा पाया दोघांचा एकच. मित्राची पीव्ही १५९.८६, याची १३२.३०. फरक २७.५६ युरो, म्हणजे बरोब्बर ०.५ टक्के.

मनुष्यबळ विभागाला विचारलं तर उत्तर आलं: दोन मुलं, प्रत्येकी पाव टक्का, अर्धा टक्का सवलत लागली आहे, सगळं बरोबर आहे.

उत्तर चुकीचं होतं, पण आकडा त्याला तंतोतंत साथ देत होता, ही या प्रकरणातली गंमत. सॅक्सनीतला निःसंतान २.९ टक्के देतो; त्यातून अर्धा टक्का वजा केला की २.४. आणि सॅक्सनीबाहेरचा निःसंतानही २.४ टक्केच देतो. लोनब्यूरोच्या प्रणालीत हा अभियंता बव्हेरियातला, मूल नसलेला कर्मचारी म्हणून बसला होता. राज्य चुकल्यामुळे अर्धा टक्का कमी कापला जात होता, मुलं गायब असल्यामुळे ०.८५ टक्के जास्त. दोन चुका एकमेकींवर पडून मधोमध एक पटण्याजोगा आकडा तयार झाला.

सोडवणूक मात्र एका भागाकारात होती. १३२.३० ला ५,५१२.५० ने भागा: ०.०२४. हा दर सॅक्सनीच्या कोणत्या कर्मचाऱ्याचा असू शकतो? मूल नसेल तर २.९, एक असेल तर २.३, दोन असतील तर २.०५. २.४ या यादीतच नाही. त्याहून भक्कम पुरावा पत्रकाच्या खालच्या भागात, कंपनीच्या वाट्याच्या रकान्यात होता: ९९.२३ युरो, म्हणजे १.८ टक्के. कंपनीच्या वाट्यावर मुलांचा काहीच परिणाम होत नाही. त्यामुळे सॅक्सनीत तो १.३ टक्के, ७१.६६ च असायला हवा. तिथे १.८ दिसला की राज्य चुकलं, वाद संपला. कर्मचारी सहसा फक्त स्वतःच्या कपातीकडे पाहतात. कंपनीच्या रकान्याकडे कोणी बघत नाही, आणि चूक पकडायला तोच रकाना जास्त प्रामाणिक असतो.

मूळ कुठे होतं

दोन चुका, दोन कारणं. जर्मनीत प्रत्येक आस्थापनेला केंद्रीय रोजगार संस्थेकडून आठ अंकी क्रमांक मिळतो, बेट्रीब्सनुमर. दुसऱ्या गावात शाखा उघडली की तिचा वेगळा घ्यावा लागतो. ड्रेस्डेनसाठी तो घेतलाच नव्हता. अभियंत्याची नोंद म्युनिकच्या क्रमांकाखाली झाली आणि प्रणालीने बव्हेरियाची वाटणी लावली.

जन्मदाखले मनुष्यबळ विभागाकडे होते, व्यवस्थित फायलीत लावलेले. लोनब्यूरोकडे जाणाऱ्या माहितीपत्रात मुलांसाठी रकाना होता, तो रिकामा गेला. रिकामा रकाना म्हणजे मूल नाही, असं प्रणाली धरते.

दुरुस्ती आधी उलटी झाली

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अभियंत्याने भागाकार लिहून पाठवला. लोनब्यूरोने राज्याची चूक लगेच मान्य केली, आणि नोव्हेंबरच्या कच्च्या पत्रकात ऑगस्ट ते ऑक्टोबरची थकबाकी म्हणून ८२.६८ युरो कापायला घेतले. तीन महिने, प्रत्येकी २७.५६. तक्रार करणाऱ्याच्याच गळ्यात फास.

यातला नियम माहीत असावा. कंपनीने कर्मचाऱ्याच्या वाट्याची कपात करायची राहिली, तर ती पुढच्या तीनच पगारांत वसूल करता येते. सामाजिक कायदा संहितेच्या चौथ्या ग्रंथातलं कलम २८ जी. त्यानंतर, कंपनीची चूक नसेल तरच. नाहीतर ती रक्कम कंपनीने स्वतः सोसायची. ऑगस्टची कपात नोव्हेंबरच्या पगारात, म्हणजे अगदी शेवटच्या संधीला येत होती. डिसेंबर उजाडला असता तर ऑगस्टचा प्रश्न कर्मचाऱ्यापुरता मिटला असता. उलट चूक कर्मचाऱ्याने खोटी माहिती देऊन घडवली असेल, तर हे संरक्षण त्याला मिळत नाही.

पण इथे मुळात थकबाकी नव्हतीच. दाखले जुलैत दिल्याची ईमेल होती. दोन्ही चुका एकत्र धरल्या की दर महिन्याचा हिशेब असा होतो: कर्मचाऱ्याचे बरोबर ११३.०१, कापले १३२.३०, म्हणजे १९.२९ जास्त. कंपनीचे बरोबर ७१.६६, भरले ९९.२३, म्हणजे २७.५७ जास्त. तीन महिन्यांचे कर्मचाऱ्याला ५७.८७ परत, कंपनीला ८२.७१. चुकीचा भुर्दंड कंपनीलाच जास्त बसला होता, आणि हे समजल्यावर काम फार वेगाने झालं.

करायच्या गोष्टी क्रमाने: ड्रेस्डेनसाठी नवा आस्थापना क्रमांक, म्युनिकच्या क्रमांकावरची नोंद रद्द करून १ ऑगस्टपासून ड्रेस्डेनखाली नवी नोंद, तिन्ही महिन्यांची विवरणं मागे जाऊन दुरुस्त, मुलांची नोंद वेतन प्रणालीत. वर्गणीचा काही भागच जास्त गेला असेल तर २४ महिन्यांपर्यंतची दुरुस्ती कंपनी पुढच्या भरण्यातून वळती करून घेऊ शकते, वेगळा अर्ज लागत नाही. त्यापलीकडचं असेल तर विमा संस्थेकडे परताव्याचा अर्ज. आणि परताव्याचा हक्क, पैसे भरल्याचं कॅलेंडर वर्ष संपल्यापासून चार वर्षांत बुडतो.

नोव्हेंबरचा बोनस

त्याच पत्रकात ३,००० चा बोनस होता. त्यावर आरोग्य आणि शुश्रूषेची एक सेंटही कपात नाही, पण पेन्शन आणि बेरोजगारीची पूर्ण. याचंही कोडं पडतं.

एकरकमी रकमेला महिन्याची मर्यादा लावत नाहीत, वर्षात त्या दिवसापर्यंत साचलेली मर्यादा लावतात. ऑगस्ट ते नोव्हेंबर चार महिने. आरोग्यासाठी ४ गुणिले ५,५१२.५०, म्हणजे २२,०५०. नियमित पगारानेच ही जागा पूर्ण भरली आहे. शिल्लक शून्य, म्हणून बोनसवर वर्गणी शून्य. पेन्शनसाठी ४ गुणिले ८,०५०, म्हणजे ३२,२००, वापरले २३,२००, शिल्लक ९,०००. अख्खे ३,००० त्यात मावतात. पेन्शनचे २७९ युरो, बेरोजगारीचे ३९.

हाताने हिशेब करणारे इथे चुकतात. ते ५,८०० अधिक ३,००० असे ८,८०० धरतात, ८,०५० पर्यंतच कापतात आणि ७५० युरो सोडून देतात. तपासणीत हे हमखास सापडतं.

बोनस जानेवारी ते मार्चमध्ये आला आणि नव्या वर्षाच्या साचलेल्या मर्यादेत मावला नाही, तर मार्च कलम लागू होतं: मागच्या वर्षी त्याच कंपनीत असलेल्याचा तो बोनस मागच्या वर्षाच्या हिशेबात ढकलला जातो. कंपन्यांनी मोठे बोनस वर्षाच्या सुरुवातीला देऊन आरोग्याची वर्गणी वाचवू नये, म्हणून ही तजवीज.

नोव्हेंबरची कर्मचाऱ्याची कपात अखेर अशी बसली: नियमित १,१९९.१३, बोनसवर ३१८, आणि वर ५७.८७ परत.

नाशिकशी जोडलेले प्रश्न

मुलांमुळे वर्गणी कमी झाली, म्हणून मुलांना विमा मिळाला असं नाही. बायको-मुलांचा मोफत कौटुंबिक विमा ती जर्मनीत राहायला आल्यावरच सुरू होतो, आणि बायकोचं स्वतःचं उत्पन्न अगदी किरकोळ असेल तरच (२०२५ मध्ये महिन्याला ५३५ युरो; छोट्या मिनीजॉबला ५५६ पर्यंत). तोवर नाशिकची पॉलिसी बंद करू नये.

हाच अभियंता भारतीय कंपनीने पाठवलेला असता तर चित्रच बदललं असतं. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून पूर्ण स्वरूपात लागू आहे. पाठवलेल्या कर्मचाऱ्यासाठी ईपीएफओकडून प्रमाणपत्र आणलं, ज्याला सगळे सीओसी म्हणतात, तर ४८ महिन्यांपर्यंत पीएफ भारतातच चालू राहतो आणि जर्मन पेन्शन व बेरोजगारीची वर्गणी लागत नाही. थेट जर्मन करारावर सीओसीचा उपयोग नाही. जुन्या कंपनीत असताना काढलेलं प्रमाणपत्र नवीन जर्मन कंपनीला दाखवून कपात थांबवा म्हणणारे लोक भेटतात. तसं होत नाही. पाठवणारी नोकरी संपली की प्रमाणपत्रही संपलं.

मग या पेन्शनच्या पैशांचं काय? ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ मध्ये याची वर्गणीपात्र कमाई ३२,००० युरो. जर्मन पेन्शन गुणांवर चालते: देशाच्या सरासरी कमाईइतकं वर्षभर कमावलं की एक गुण. २०२५ ची तात्पुरती सरासरी ५०,४९३ युरो, म्हणजे याचे ०.६३३८ गुण. जुलै २०२५ पासून एका गुणाला महिन्याला ४०.७९ युरो. पाच महिन्यांच्या कामातून निवृत्तीनंतर महिन्याला साधारण २५.८५ युरो, त्या भावाने.

पेन्शनचा हक्क उभा राहायला ६० महिने लागतात. करारामुळे भारतातला पेन्शन योजनेचा काळ त्यात मोजता येतो, पण भारतातली वर्षं फक्त पात्रतेसाठी; रक्कम जर्मन गुणांचीच. ज्याला ऐच्छिक विमा चालू ठेवण्याचा हक्क नाही, तो युरोपीय संघाबाहेर गेल्यावर २४ महिन्यांनी परतावा मागू शकतो. त्यात फक्त स्वतःचा वाटा मिळतो, इथे २,९७६ युरो, व्याजाशिवाय. कंपनीचे तेवढेच पैसे तिथेच राहतात आणि जर्मन पेन्शनशी संबंध कायमचा तुटतो. पन्नाशीच्या आत परतणारे घाईने हा अर्ज करतात. आमच्या मते गुण तसेच ठेवणं बहुतेकांना परवडतं, कारण अर्ज केल्यावर भारतातल्या काळाशी जोडणीही जाते.

जानेवारी २०२६

पगार न वाढता कपात वाढली, म्हणून पुन्हा फोन. आता चूक नाही. आरोग्याची मर्यादा ५,८१२.५० झाली, म्हणजे अख्खे ५,८०० आत आले. जाहीर सरासरी जादा दर २.९ टक्के झाला; याच्या संस्थेने तोच घेतला असं धरलं तर केव्ही ५०७.५०, पीव्ही ११८.९०, पेन्शन आणि बेरोजगारी जशाच्या तशा. एकूण १,२४१.२०, महिन्याला ४२.०७ जास्त. संस्थेने जादा दर वाढवला की सदस्याला ती बदलण्याचा विशेष हक्क मिळतो, एरवीची १२ महिन्यांची अट तेव्हा आड येत नाही. सक्तीची रेषा ७७,४०० वर गेली, त्यामुळे ७२,६०० वाला अजून आतच.

एक कागद मात्र जपून ठेवायचा. फेब्रुवारीच्या १५ तारखेपर्यंत कंपनी मागच्या वर्षाची वार्षिक नोंद, यारेसमेल्डुंग, पाठवते आणि तिची प्रत एप्रिलअखेरपर्यंत कर्मचाऱ्याला द्यावी लागते. पेन्शनच्या खात्यात गुण याच आकड्यावरून चढतात. या अभियंत्याच्या प्रतीवर ड्रेस्डेनचा आस्थापना क्रमांक हवा, १ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर हा काळ हवा आणि रक्कम ३२,०००. तिथे २९,००० दिसले, तर बोनस नोंदवायचा राहिला आहे.